पडद्याच्या कडेला उभा असलेला म्हातारा

टीव्हीवर सामान विकणाऱ्या चॅनलवर विश्वास ठेवणारी एकही बाई आमच्या गल्लीत नव्हती. हे आधीच लिहून टाकते, कारण अशी फसवणूक उघडी पडली की शिकलेले लोक पहिलं बोट न शिकलेल्या बायकांकडे करतात. आमच्या गल्लीत फसला तो सगळ्यात चिकित्सक माणूस. माझा बाप.

आमचं घर बडनेऱ्याला, रेल्वेलाइनीच्या अलीकडे. दुपारी आईची भांडी आवरली की शेजारची काकू यायची. ती सकाळी अमरावतीच्या बाजारात भाजी विकून आलेली असायची आणि दिवसा झोपायची तिला सवय नव्हती. तिच्यामागे आणखी एकदोघी. मालिका संध्याकाळच्या, बातम्यांत नुसती भांडणं, म्हणून त्या खरेदीचं चॅनल लावायच्या. घेण्यासाठी नाही, नावं ठेवण्यासाठी. मी अकोल्याहून सुटीला आले की मीही त्यांच्यात बसायची आणि पोट दुखेस्तोवर हसायची.

पडद्यावर एक बाई असायची. सकाळी लग्नाला जाऊन आल्यासारखी नटलेली, आणि हातात कढई. कार्यक्रम मूळचा हिंदी, वरून आवाज मराठी चिकटवलेला. त्यामुळे बाईचं तोंड मिटलं तरी बोलणं चालूच राहायचं.

"पाह्य वो, तोंड बंद झालं तरी बोलूनच राहिली," काकू म्हणायची. "पोटातून बोलते का काय?"

"तोंडाचे पैसे वेगळे, आवाजाचे वेगळे," आई म्हणायची. "दोघी भेटल्याच नसतीन एकमेकींले."

पडद्याच्या खाली लाल पट्टीत 'शेवटचे काही नग' असं लुकलुकत असायचं. काकूला खरा राग त्या पट्टीचा. "मी येऊन बसली तवापासून शेवटचेच नग हायेत. माह्यं टोपलं असं कधी राह्यलं नाई बाप्पा. संपलं म्हंजे संपलं. अन् मी गिऱ्हाइकाले खालचे वांगे वर करून दाखवते. हे तं नुसते वरचेच दाखवून राहिली."

"हिले एक दिवस वांगे विकाले ने," आई म्हणायची. "'ताई, या वांग्यानं माझं आयुष्य बदललं' म्हनत बसन. पाव किलो खपवनार नाई."

असा तो दुपारचा दरबार. विकणाऱ्यांना वाटत असेल की समोर गरीब, भोळ्या बाया डोळे विस्फारून बसल्यात. त्यांना आमच्या घरातला आवाज एकदा ऐकवायला हवा होता.

बाबा या दरबारात बसत नसत. ते ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचायचे. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून नोकरी झाली. रूळ बदलायचे, दिवे ओळखायचे, अंधारात लांबच्या सिग्नलचा हात ओळखायचा. रेल्वे आपल्या माणसांचे डोळे वरचेवर तपासते, आणि त्या तपासणीत ते एकदाही नापास झाले नाहीत, हे ते पाहुण्यालाही सांगत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले. बाबांनी उरलेलं सगळं साफ केलं. वस्तीत कुणाच्या लेकराच्या मनगटात काळा दोरा दिसला की आईबापाला विचारून कात्रीने कापायचे आणि आधी दवाखान्यात नेलं का ते विचारायचे. अंगारा देणाऱ्या एका बुवाला त्यांनी भर चौकात विचारलं होतं, तुझा स्वतःचा दात कोणी काढला? त्याचे दोन दात सोन्याचे होते.

पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. शाळेत असताना माझा निबंध वाचून म्हणाले, "हे हार घालून राहिली तू. पहिल्या ओळीत काय झालं ते लिही. दुसऱ्या ओळीत कोनं केलं ते. तिसऱ्या ओळीत काय करा लागते ते. संपलं." मी आता अकोल्यात एका छोट्या संघटनेचं काम करते, तेच काम. फसवणुकीविरुद्ध पत्रकं लिहिते, छापून आणते, पातूर-दर्यापूरच्या बाजारांत वाटते, काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर गठ्ठा मांडीवर घेऊन फिरते. माझं प्रत्येक पत्रक पहिलं बाबा वाचत आणि दोन शब्द खोडत.

आणि विहारातलं वाचन त्यांचं. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचणारा एक, ऐकणारी सगळी वस्ती. आमच्या विहारात ती जागा कित्येक वर्षं बाबांची होती. आवाज मोठा नाही, पण शब्द एकही खाली पडत नसे. वर्षभर ते त्या तीन महिन्यांची वाट पाहत.

मागच्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. मी सोबत होते. बाईंनी नीट समजावलं. डोळ्यातला दाब वाढलाय. दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, पण नजर कडेकडून कमी होत येते. हे थेंब रोज टाकायचे, जन्मभर. याने नजर वाढणार नाही. आहे तेवढी टिकेल.

बाबांनी थेंब सुरू केले. टाकले की डोळे चुरचुरत, लाल होत. बाकी काही होत नसे. ते महिनोन् महिने काही होण्याची वाट पाहत राहिले. "नजर वाढत नाई, डोया लाल होते, अन् म्हने जन्मभर टाका," ते आईला म्हणायचे. "जे काईच करत नाई ते कायचं औषध?" आई म्हणायची, "काईच होऊ नये म्हून तं टाकून राहिले नं." हे त्यांना पटायचं नाही. दिवा एकतर लाल नाहीतर हिरवा. काही न होणं हा फायदा असतो, हे सांगणारा सिग्नल त्यांनी पाहिला नव्हता.

पुढचं मला आईने सांगितलं. उन्हाळ्यातली दुपार. आत दरबार भरलेला, बाबा ओसरीवर. कढईवाली बाई गेली आणि पांढऱ्या कोटातला एक माणूस आला. गळ्यात तपासायची नळी, मागे काचेची नळकांडी, त्यांत रंगीत पाणी. तो म्हणाला, ताईत बांधू नका. अंगारा लावू नका. बुवाबाबांच्या नादी लागू नका. ही अंधश्रद्धा आहे. आम्ही सांगतो ते विज्ञान आहे.

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि आत आले.

हे पुन्हा वाचा. हा माणूस आमचं पत्रक वाचत होता. शब्दन् शब्द आमचे. आयुष्यभर माझ्या बापाने जी वाक्यं चौकाचौकात म्हटली, ती वाक्यं या माणसाने उचलली आणि त्याखाली बाटली ठेवली. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्मा, सगळ्यावर एकच थेंब. चाचणी झालेला. डोळ्यांत रसायनं घालणं आजच बंद करा, नाहीतर आमच्या औषधाचा गुण येणार नाही. मग एक म्हातारा, निवृत्त मास्तर म्हणे, सुईत दोरा ओवून दाखवतो आणि रडतो.

"हे रडनं पाह्य," काकू म्हणाली. "नाक कोरडं हाये त्याचं."

बाबा म्हणाले, "बाई, तुमाले समजत नाई त्याच्यातलं. तो देवाधर्माचं नाई सांगून राहिला." आणि त्यांनी नंबर लावला.

मी तेव्हा पातूरकडे होते, गावोगाव पत्रकं वाटत. विषय, सांगायला लाज वाटते तरी सांगते, टीव्हीवरच्या खोट्या जाहिराती. घरी आले तेव्हा फळीवर हिरव्या बाटल्यांचं खोकं होतं आणि दवाखान्याचे थेंब फ्रिजमध्ये मागे ढकललेले.

"हे काय करून राहिले तुमी बाबा?"

"तू नको शिकवू मले."

"तुमीच शिकवलं मले. कोन हाये हा डॉक्टर? कुठचा? कोनं चाचणी केली?"

"टाकले की थंडगार वाटते. फरक पडून राहिला."

"कापूर असन त्याच्यात. कापरानं थंडच वाटते."

मी बॅगेतून माझं पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, खोकं उचललं, दोन्ही शेजारीशेजारी धरली. "यावरबी विज्ञान लिहिलं, त्यावरबी विज्ञान लिहिलं. तुह्याजवळ तं साधा डॉक्टरचा फोटोबी नाई." त्या दिवशी त्यांनी माझ्या पत्रकातला एकही शब्द खोडला नाही. परत घडी घालून दिलं.

मी जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की माझा दिवस शुभ जावो. मी म्हटलं, जाहिरातीतल्या डॉक्टरांशी बोलायचंय.

"सर शूटिंगला आहेत, मॅडम."

"डॉक्टर शूटिंगला आहेत?"

"म्हणजे पेशंटमध्ये आहेत."

"त्यांचा नोंदणी क्रमांक सांगा. दवाखाना कुठे आहे ते सांगा."

"मॅडम, आपल्याला गुण आला नसेल तर कोर्स अपुरा पडलाय. दुसरा कोर्स पाठवू का? आज घेतल्यास डोळ्यांचा मसाजर मोफत."

"तुमच्या घरी कोणाला काचबिंदू झाला तर तुम्ही हे टाकाल का?"

ती हळूच म्हणाली, "कॉल रेकॉर्ड होऊन राहिला मॅडम." ते 'होऊन राहिला' ऐकलं आणि कळलं, आमच्याकडचीच पोरगी. अकोल्याची असेल, नाहीतर माझ्याच वर्गातली. बसवली आहे कुठल्या तरी खोलीत कानाला यंत्र लावून, आपल्याच लोकांना गळाला लावायला. मला तिची दया आली. पण दया आली म्हणून मी तिला माफ केलेलं नाही. तिला माहीत होतं.

त्यानंतरचे काही आठवडे बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. हिरवे थेंब चालू, दवाखान्याचे बंद. आईने लपवून बघितलं, भांडून बघितलं, शेवटी तिने अबोला धरला. वर्षावास जवळ येत होता. मी दर सुटीला येऊन तीच कटकट करायची आणि ते पेपर तोंडापुढे धरायचे. पेपर ते अजून वाचत होते, हाच त्यांचा पुरावा. "हे पाह्य, वाचून राहिलो का नाई?"

मग तो रविवार. दरबार भरलेला. पांढरा कोट पुन्हा आलेला, आणि पुन्हा तो सुईदोऱ्याचा मास्तर. पण काकूने टाळीच वाजवली.

"अवो थांबा. हा तं गुडघ्याच्या पट्ट्यातला शेतकरी हाये. जिना चढत नव्हता का? कानाची चामखीळ पाहा. तेच चामखीळ."

आई पुढे सरकली. "हो वो. तवा धोतर होतं, आता पॅन्ट घातली."

"गेल्या हप्त्यात गुडघे गेले होते, या हप्त्यात डोये गेले. बिचारा वाचते का मरते," काकू म्हणाली आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "भाऊ, या जरा. तुमचा मास्तर पाहा. शेतकरी निंघाला."

मला वाटलं, आता जमलं. इतके दिवस माझ्या पत्रकाने जे झालं नाही ते एका चामखिळीने होईल. बाबा आले, आईने त्यांना खुर्ची दिली, पडद्यासमोर अगदी. पडद्यावर ती नटलेली बाई मधोमध बोलत होती, पांढरा कोट तिच्या डाव्या हाताला, आणि उजव्या कडेला तो म्हातारा बाटली छातीशी धरून उभा.

"कोन?" बाबा म्हणाले.

"हा काय उभा. चामखीळवाला."

"कुठी?"

"तथी. बाईच्या बाजूले."

बाबा बाईच्या तोंडाकडे बघत होते. "बाईच्या बाजूले डॉक्टर हाये. दुसरं कोनी नाई."

काकूला वाटलं ते अडून बसलेत. ती हसली. "भाऊ, हारले तं हारले म्हना. पन मानूस उभाच्या उभा हाये नं."

बाबांनी मान उजवीकडे वळवली. मग म्हणाले, "हं. हा आता आला."

काकूच्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच राहिली. ती बोलली तेव्हा तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "भाऊ, तो पह्यलेपासून तथीच उभा हाये."

टीव्ही चालू होता. ती बाई म्हणत होती, त्वरा करा, शेवटचे काही नग.

बाबांनी आईला उजव्या अंगाला उभं केलं. डावा डोळा हाताने झाकला आणि समोर भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत म्हणाले, "बोट आन हळूहळू. कडेकडून समोर." रेल्वेत तपासायचे तसं. आई बोट आणत राहिली. ते थांब म्हणेनात. बोट गालाच्या पुढे आलं तरी थांब म्हणेनात. नाकाच्या रेषेत आलं तेव्हा म्हणाले, "हं." मग दुसरा डोळा. तो बरा होता. बरा म्हणजे, पहिल्याहून बरा.

ते उठले, फ्रिज उघडला आणि मागे ढकललेली बाटली शोधायला लागले. ती डोळ्यांसमोरच होती, जरा उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेलो. तीच डॉक्टरीणबाई. तिने यंत्रात बघितलं, जुना कागद बघितला, नवा बघितला. किती दिवस थेंब बंद होते, विचारलं. बाबांनी खरं सांगितलं. ती ओरडली नाही. नजर वाढणार नाही, हे तिने पहिल्यांदा सांगितलं होतं त्याच शब्दांत पुन्हा सांगितलं. उरलेली टिकवू. दुसरे थेंब वाढवले. परतताना ऑटोत, बडनेरा आलं तेव्हा, बाबा म्हणाले, "तिनं खरं सांगतलं म्हून मले पटलं नाई. पह्यल्याच दिवशी 'नजर वाढते' म्हनली असती, तं मी रोज टाकले असते."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. कारण पांढऱ्या कोटातल्या त्या नटाला हेच माहीत आहे. खरं सांगणारी बाई 'वाढणार नाही' म्हणते तेव्हा माणूस कुठे दुखावतो, ते त्याने बरोबर हेरलंय, आणि तो तिथेच दुकान मांडून बसतो. त्याला फसवायला अडाणी माणूस लागत नाही. पुरावा मागणारा माणूस असला तर तो पुराव्याचा कोट घालून येतो. उद्या आम्ही पांढऱ्या कोटाविरुद्ध लिहिलं तर तो कोट काढून आमचं पत्रक हातात घेऊन उभा राहील. ही माणसं मूर्ख नाहीत. मूर्ख असती तर मी इतकी चिडले नसते.

असल्या आजारांवर चमत्कारी औषधाची जाहिरात करायला देशात बंदी आहे. कायदा आहे, जुना आहे, काचबिंदू त्यात येतो. मी तक्रार केली. चॅनल म्हणतं, आम्ही फक्त वेळ विकतो. विकणारे म्हणतात, आम्ही फक्त पोचवतो. बनवणाऱ्याचा पत्ता खोक्यावर आहे, तिथे कुणी उचलत नाही. कढईवाली बाई काय म्हणते ते विचारायची सोय नाही, पण मी सांगते. म्हणत असेल, मी फक्त वाचते. तर बाई, वाचणारा माझा बापही होता. आपण वाचतो ते खरं आहे की नाही, याची जबाबदारी वाचणाऱ्यावर असते असं मानणारा.

बाबांनी हिरव्या बाटल्या गटारीत ओतल्या. काकू म्हणाली, मी सांगत होती; आणि बाबा म्हणाले, "हो बाई, तू सांगत होती." तेवढंच. माझ्या नव्या पत्रकाचा मजकूर मी त्यांना दिला तेव्हा त्यांनी पहिल्या ओळीतला 'एका वृद्धास' हे शब्द खोडले आणि लिहिलं, 'माझ्या बापास'.

आषाढ पौर्णिमेला विहारात ग्रंथ उघडला. दुसरं कुणी वाचेल का, असं बाबांनीच आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं, आणि कुणी पुढे आलं नव्हतं. ते बसले, मान जरा उजवीकडे वळवून, बोट ओळीवर ठेवून. सुरुवात बरी झाली. पण डोळा ओळीच्या उजव्या टोकाला पोचायच्या आत आवाज संपायचा. ओळीचा शेवटचा शब्द तिथे छापलेला असायचा, त्यांच्यासाठी नसायचा. मग ते थांबायचे, मान आणखी वळवायचे, शब्द सापडायचा, पुढची ओळ. एका पानाला पूर्वीच्या चार पानांचा वेळ लागत होता. मागे बसलेली पोरं चुळबुळत होती. मी टीव्हीवरच्या त्या बाईचा चेहरा आठवून मुठी आवळत होते.

एका ओळीच्या शेवटी ते पुन्हा थांबले. बोट सरकलं, मान वळली, शब्द सापडेना. समोर बायकांच्या रांगेत बसलेल्या आईला तो भाग तोंडपाठ होता. तिने हळूच पुढचा शब्द सांगितला.

बाबांनी पानावरून नजर उचलली नाही. बोट तसंच कडेकडे सरकत होतं.

"थांब वो," ते म्हणाले. "येऊन राहिलो मी तथी."